पॅक

दिवाळसणाच्या जेवणानंतर सासऱ्यांनी तीन पत्तीचा डाव मांडला. हरेल त्याने वर्षभर दर रविवारी जिंकणाऱ्याकडे जेवायला जायचं, अशी पैज. हेरंबच्या हाती बदामाचा कलर आला. पानं दांडगी, पण समोर सिक्वेन्स निघाला तर गेलीच. चारचौघांच्या रीतीप्रमाणे त्याने मनगटावरच्या पश्चात्तापमापकाला हळूच विचारलं.

‘पॅक केल्यास बावन्न रविवारांचा पश्चात्ताप,’ अक्षरं उमटली. ‘जिंकल्यास तेवढाच, शिवाय सासरे शनिवारीच मुक्कामाला येतील.’

हेरंबने निमूटपणे पानं टाकली. “पॅक, बाबा.”

“थांबा जावईबापू,” स्वतःचं मनगट बाहीत लपवत सासरे म्हणाले, “माझी पानं आधी पडलीत. हरलो मी.”