थेट पुण्याहून

अड्यारला शर्मिष्ठावहिनींच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहणारी सुनंदा घरी गोडा मसाला करून विकायची. वहिनींनी तो कधी घेतला नाही. "चेन्नईच्या या दमट हवेत कसला आलाय गोडा मसाला!" असं त्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात सुनंदाच्या देखत ऐकवायच्या. त्यांचा मसाला यायचा दुप्पट किमतीला, कुरियरने, व्हॉट्सॲपवर माल विकणाऱ्या पुण्याच्या एका ताईंकडून.

आजही पार्सल आलं आणि लगेच आमटी झाली. "बघा, याला म्हणतात मसाला!" वहिनींनी नवऱ्याला, रविकांतरावांना, दुसऱ्यांदा वाढलं.

जेवण झाल्यावर रविकांतराव रिकामा खोका मोडायला बसले, तर वरचा पत्त्याचा कागद सुटून आला आणि खाली आणखी एक पत्ता निघाला. प्रेषक: सुनंदा, अड्यार.

"अगं, हा तर खालच्या सुनंदाचाच मसाला! इथून पुण्याला गेला आणि त्याच खोक्यातून परत आला."

वहिनींनी चष्मा लावून दोन्ही पत्ते नीट वाचले.

 

"तरीच! पुण्याची हवा लागली, तेव्हा कुठे खाण्याजोगा झाला."