शेवटचा घास

"माझ्या गोळीनं घायाळ झालेलं हरीण रानात टाकून मला घास उतरायचा नाही," म्हणत हिनरिखबाबा धुक्यात शिरले. त्यांची मुलगी वीब्के गाडीत बसून, ड्रोनच्या पडद्यावर बघत फोनवरून वाट सांगत होती. पडद्यावर अंगातली ऊब पांढरी दिसे.

"समोरच आहे, बाबा. लवकर या, नाहीतर आई ताट उचलेल."

"मेलंय गं बिचारं. शेवटचा घास देतो नि निघतो." शिकाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे मेलेल्या हरणाच्या तोंडात डहाळी ठेवायला बाबा वाकले.

पडद्यावर बाबा हळूहळू काळवंडत गेले आणि आडवं हरीण उजळत गेलं.

"बाबा?"

"आलोच," आवाज बाबांचाच होता, पण काहीतरी चघळत असल्यासारखा.

गाडीकडे एकच पांढरी आकृती येत होती, चार पायांवर.