केकवरचं नाव

कोर्टात दत्तकाचा कागद झाला आणि मेरेडिथने घरी केक मांडला. केकवर लिहिलं होतं, 'आमची एमिली'. दत्तकाआधी दोन वर्षं पोरीला सांभाळणारी म्हातारी व्हर्लीन बघतच राहिली.

"अहो, हिचं नाव मार्क्वीशा. मेलेल्या आईने दिलेलं तेवढंच उरलंय तिच्याकडे."

"ते आमच्या घरात शोभत नाही हो. सातच वर्षांची तर आहे, होईल सवय," मेरेडिथ हसली. "एमिली, ये बाळा, केक घे!"

पोरगी जागची हलली नाही. पायाशी बसलेल्या कुत्र्याला कुरवाळत राहिली.

व्हर्लीनने केकचा घास घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "कुत्रा नवा दिसतोय."

"बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणला, गेल्याच महिन्यात. तोही सात वर्षांचा. ब्रूटस."

"हे नाव तुम्ही ठेवलंत?" दुसरा घास तोंडात घालत व्हर्लीनने विचारलं.

"छे, आधीचंच आहे. आम्हाला नाही आवडत, पण या वयात बदललं तर बिचारं मुकं जनावर बावरून जाईल ना!"

व्हर्लीनने तोंडातला केक कागदी रुमालात थुंकला.