तिसऱ्या फाल्गुनातला वाफा

वाफ्यात खड्डे होते. खुशालरावांनी मोजले : बारा. रोपेही बाराच लावली होती.

एका हातात सुरी, दुसऱ्या हातात पट्टी घेऊन ते तसेच उभे राहिले. वीस सेंटिमीटर उंचीचा कोंब कापायचा, त्याहून लहान राहू द्यायचा, असे त्यांनी ठरवले होते. आता मोजण्यासारखे काही उरले नव्हते. कुंपणापाशी बांधलेली बकरी एक हिरवा कोंब शेंड्याकडून बुडाकडे पद्धतशीरपणे चावत होती.

बियांचे पाकीट आचलनेच पुण्याहून पाठवले होते. "बाबा, इथे अ‍ॅस्परॅगस खाल्ला. वलगावात येईल का?" काळ्या मातीत ही भाजी येत नाही, असे चार जणांनी सांगितले, म्हणून खुशालरावांनी ती लावली. वाळू मिसळून वाफा हातभर उंच केला, वर जाळी ताणली आणि घरात जाहीर केले की तिसऱ्या फाल्गुनापर्यंत कोणी हात लावायचा नाही. कारण सांगितले नाही. एकतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला घरी पुन्हा कारणे देण्याचा कंटाळा असतो.

आज तो फाल्गुन आला होता, आणि लेक घरातच होती, आठव्या दिवसाची बाळंतीण. तिला दूध पुरेसे येत नव्हते. बाळ रडे, मग ती रडे. डॉक्टरीणबाईंनी वारंवार पाजत राहायला सांगितले होते. त्या रडण्यावर खुशालरावांकडे उपाय नव्हता. निदान पहिली भाजी तिच्या ताटात पडावी, एवढेच त्यांच्या हाती होते.

स्वयंपाकघरातून उकळत्या दुधाचा वास आला.

त्यांची आई मैनाबाई, वय ब्याऐंशी, पाट्यावर पेन्सिलीएवढ्या पांढऱ्या मुळ्या ठेचत बसली होती. तिच्या नखांत माती होती.

"माय, हे काय करून राहिली?"

"दिसत नाई? पोरीले शतावरी देऊन राहिली." तिने मान वर केली नाही. "तुह्या वाफ्यातल्या मुया बारीकच निंगाल्या. खत कमी पडलं."

"हे ते शतावरी नोहे. तिची चुलत बहीण म्हण. हिचे कोंब खातेत, मुया नाई."

"मले नको शिकवू. पावसायात पाला पाहूनच वयखली म्या. तुह्या वक्ती माह्या सासूनं वावराच्या धुऱ्यावरची खणून आणली होती, तिचा पाला असाच होता, सुईवाणी. अन् तीन वरसाबगर मुयी भरत नाई, म्हणूनच त तू कोणाले हात लावू देत नव्हता." आता तिने वर पाहिले. "मी म्हटलं, पोरगं मास्तर असून शायनं निंगालं. लेकीच्या बायंतपणाची आधीच तजवीज करून राहिलं."

खुशालरावांपाशी उत्तर होते, आणि ते मुद्देसूद होते. ही जात वेगळी. खऱ्या शतावरीने दूध वाढते याचाही पुरावा तोकडा. अपाय मात्र नाही. हे त्यांनी मनात दोनदा तपासले. तेवढ्यात मैनाबाईने मुळ्या घालून उकळलेले दूध फडक्यातून गाळले, साखर ढवळली आणि पेला त्यांच्याच हातात दिला.

"ने. तुही मेहनत हाय, तूच दे."

टोपलीत चार कोंब उरले होते. बाकीचे बकरीच्या पोटात गेले होते. त्यांनी ते धुतले, चमचाभर तुपात जिरे तडतडवून परतले, वर मीठ घातले आणि पेल्यासोबत बशीही घेऊन आत गेले.

आचलने आधी पेला पाहिला, मग बशी.

"बाबा, सगळी खणली?"

"सगळी."

"आजीले काही बोलले नाही ना तुम्ही?"

"साखर बरोबर हाय का पाय," खुशालराव म्हणाले.

तिने दूध शेवटच्या थेंबापर्यंत संपवले. दोन कोंब खाल्ले, एक वडिलांना दिला आणि चौथा मैनाबाईसाठी ठेवला. मैनाबाईने तो हिरड्यांनी चावला.

"कोवयं हाय. आधी सांगतलं असतं, त बकरीले कायले टाकले असते?"

"तू तरी कुठं सांगतलं, मुया खणून राहिली म्हणून?"

"तू कवा इचारलं?"

दुपारी बाळ आईच्या दुधावरच झोपले, डब्यातल्या पावडरीशिवाय, पहिल्यांदाच. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, हे वाक्य खुशालरावांनी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. मैनाबाई दारातून त्यांच्याकडे बघत होती. ते वाक्य त्यांनी तिला ऐकवले नाही.

ऊन उतरल्यावर ते खड्डे बुजवायला फावडे घेऊन परसात गेले, तर पाच खड्डे बुजलेले होते. सहाव्यापाशी मैनाबाई उकिडवी बसली होती. तिच्याजवळच्या घमेल्यात मुळ्या काढून घेतलेले गड्डे होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. प्रत्येकावर डोळे शाबूत, प्रत्येकाला दोन-तीन मुळ्या राखलेल्या. पुस्तकातली आकृती याहून नेटकी नव्हती.

"गड्डा पुरला का पुन्हा फुटते," ती म्हणाली. "पोरीच्या दुसऱ्या वक्तीले कामी येईन."

खुशालरावांनी फावडे भिंतीला टेकवले आणि झारी भरून आणली.

"माय, पुन्हा तीन वरसं लागतीन."

"मंग?" मैनाबाईने तळव्याने माती दाबली आणि पुढच्या खड्ड्याकडे सरकली. "मले कुठी जायाचं हाय?"