गाडीपुरती जागा

"एक खिळासुद्धा नको," वायरमन म्हणाला.

गवंड्याने थापी बादलीत टाकली आणि नव्या भिंतीकडे पाहिलं. "अहो, गॅरेज आहे हे. निदान एक फळी तरी मारू द्या. पाना, पंप, काही ठेवाल की नाही?"

"फळी आली की डबा येतो. डब्यामागून पोतं येतं. मी ओळखतो मला."

गवंडी हसला. जुनी शेड त्यानेच पाडली होती, त्यामुळे त्याला माहीत होतं. पंपांच्या जळालेल्या मोटारी, पंख्यांची पाती, वायरची भेंडोळी, बंद पडलेले मिक्सर. जन्मभर लोकांच्या घरी दिवे लावणाऱ्या माणसाने आपल्या घरी हे दिवे लावले होते. लागेल कधीतरी, हे त्याचं पालुपद. बायको म्हणायची, "मी मेले तर मलाही इथेच ठेवाल, लागेल म्हणून."

मग ती खरंच गेली. हॉस्पिटलात, झोपेत. भेटायला आलेले म्हणाले, त्रास झाला नाही, सुटली. वायरमन मान हलवायचा. ते उठून गेले की टीव्ही लावायचा आणि आवाज बंद ठेवायचा.

जाण्याआधी तिने त्याच्याकडे एक गोष्ट मागितली होती. उभ्या संसारात तिने मागितलं आणि त्याने लगेच दिलं, असं काही आठवायला गेलं तर हाती लागत नव्हतं. ही एक तरी द्यायची होती. त्याने सगळं सामान भंगारवाल्याला दिलं आणि पायापासून नवं बांधायला घेतलं. मुरूम टाकून धुमसाने चांगला ठोकून घेतला. फरशीला दाराकडे हलका उतार ठेवला, म्हणजे पाणी साचायला नको. वायर स्वतः ओढली, सगळी भिंतीच्या आतून. बाहेर दिसेल असा एक तुकडा ठेवला नाही.

मुलीला हे मुळीच आवडलं नव्हतं. "आई जाऊन किती दिवस झाले, आणि तुम्हाला बांधकाम सुचतंय?" असं ती फोनवर म्हणाली होती. पुढे फोनही कमी झाले. वायरमनने खुलासा केला नाही. एकदा येईल, गाडी आत घालेल, मग सांगू. तेवढंच एक पुढ्यात होतं. बाकी दिवस ढकलायचे म्हणून ढकलणं होतं.

रंग वाळल्यावर ती आली. सवयीने गाडी रस्त्यावरच लावू लागली. वायरमन फाटकात उभा राहून हात हलवू लागला. "ये, ये. येऊ दे. अजून ये."

गाडी आत गेली. दोन्ही बाजूंची दारं पूर्ण उघडली, कशालाही न लागता. मुलगी उतरली आणि बघत राहिली. पांढऱ्या भिंती, मोकळी फरशी, वर एक दिवा.

"तुम्ही तर स्कूटरसुद्धा विकलीत, बाबा. हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. तुझ्या आईने सांगितलं होतं." त्याने घसा खाकरला. "तू निघालीस म्हणून फोन आला ना, तेव्हा. म्हणाली, 'ती आली की जागा करा.' जन्मभर हेच तिचं. पोरगी गाडी रस्त्यावर लावते, जरा जागा करा. जाताना पण तेच म्हणाली. मी म्हटलं, करतो. केली बघ."

मुलगी गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली.

"तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता ना तिच्या?"

"होता. त्यातूनच बोलली, हळू. मधला एखादा शब्द गेला असेल, पण 'जागा' म्हणाली ते ऐकलं मी."

"त्या अवस्थेत तिला माझी गाडी आठवेल का, बाबा?" मुलीचा आवाज चढला नाही. "'ती आली की मला जागं करा,' म्हणाली असेल."

वायरमनने ते दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. जागा करा. जागं करा. मग हाताच्या ओंजळीने तोंड झाकून पुन्हा म्हणून पाहिले. काही फरक कळेना.

त्या संध्याकाळी मुलगी धापा टाकत खाटेपाशी आली होती. आईचा नुकताच डोळा लागला होता. "उठवू का?" मुलीने विचारलं होतं. आणि त्यानेच तिचा हात धरून तिला मागे घेतलं होतं.

"झोपू दे. सकाळी बोला निवांत."