गुलाबी विहीर

कॉलेजच्या सुट्टीत सेवासंघाचं काम करणाऱ्या मुलांनी कंग्राळी गावात पटकीची साथ आवरायला विहिरीत औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं आणि भेदरलेल्या बायका घागरी घेऊन घाणेरड्या ओढ्याकडे वळल्या! पहिल्यांदाच तुकडीची प्रमुख झालेली राजमती धावत आडवी गेली. “मावशी, रोग ओढ्यातच आहे!” “मग हिरीतलं तूच पी की गं,” त्या बायकांतली रुक्माबाई फणकारली. राजमतीनं गुलाबी पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा केला. “आता सांजपतोर हितंच बस. जगलीस तर भरू,” रुक्माबाईनं बजावलं. पुढच्या गावाला जायची बैलगाडी जुंपलेली होती. “तुम्ही व्हा पुढं!” तिनं मुलांना पिटाळलं. एरवी घटकाभरही एका जागी न टिकणारी ती कठड्यावर पाय हलवत बसली. दुपार काही सरेना. शेवटी रुक्माबाई भाकरी घेऊन आली. “खा. उपाशी मेलीस तर खापर हिरीवर फुटंल,” म्हणत तिनं घागर विहिरीत सोडली.