उघडे डोळे
मेलेल्यांच्या फोटोतले मिटलेले डोळे ब्रशने उघडून देण्यात धुळ्याच्या अभिमनचा हात धरणारा कुणी नव्हता. नव्व्याण्णव साली त्याने डिजिटल कॅमेरा घेतला आणि साक्रीकडच्या उखर्डूच्या वारलेल्या थोरल्या लेकीचा पहिला नि शेवटचा फोटो त्यावरच काढला. पण कॅमेऱ्यातला फोटो कॉम्प्युटरवर उतरेना. "कॅमेऱ्यात नवा प्रोग्राम भरा," विक्रेता फोनवर म्हणाला. सीडी आली. काम संपेपर्यंत कॅमेरा बंद करू नका, असं पडद्यावर आलं. अर्ध्यावर वीज गेली, कॉम्प्युटर नि त्याला जोडलेला कॅमेरा दोन्ही बंद पडले. कॅमेरा पुन्हा सुरू झालाच नाही; फोटो आतच गेला. तेवढ्यात उखर्डू धाकट्या लेकीला घेऊन आला. तिच्या डोळ्यांकडे बोट दाखवत म्हणाला, "भाऊ, थोरलीना डोया इनासारखाच व्हतात. इना देखीसन उघाडा." अभिमनने बंद कॅमेरा कापडाखाली सरकवला. उखर्डूने तिला स्टुलावर बसवलं. "भाऊ सांगस नई तवलग डोया झाकू नको." धाकटीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, पापणी हलली नाही. अभिमनला 'पुरे' म्हणवेना.